साडेदहा तासांचा बर्फ

नुकुअलोफाहून पर्थला जायला किती वेळ लागतो, सांगाल मला?

नकाशा पुढ्यात घेऊन बसलात तर पट्टी लावून सांगाल, सहा हजार आठशे किलोमीटरच्या वर. तिकीट काढून देणारी मुलगी सांगेल, सरळ विमान नाही हो, आधी ऑकलंड, तीन तास. मग ऑकलंडहून पर्थ, साडेसात तास. म्हणजे आकाशात साडेदहा तास, मधला खोळंबा वेगळा. सगळेच खरं सांगतात. पण मला विचाराल तर माझं उत्तर वेगळं आहे. सहा बाटल्या बर्फ.

मी एक बर्फपेटी बोलतेय. पांढरं अंग, निळं झाकण, दोन बाजूंना दोन मुठी. लोक समुद्रावर जाताना थंड बाटल्या भरून नेतात ना, तसलीच. एकोणतीस वर्षं मी टोंगा देशातल्या नुकुअलोफाच्या लुसेआनेची आणि पर्थच्या लोपेतीची, दोघांची मिळून एक होते. ती बहीण, तो धाकटा भाऊ. एवढ्या वर्षांत एकदाच असं झालं की बहिणीनं वेळेवर पोहोचणं हे माझ्या पोहोचण्याहून मोठं होतं. तेवढंच सांगायचं आहे. पण आधीपासून सांगते.

माझा जन्म मेलबर्नच्या बाहेरच्या एका कारखान्यात झाला. साच्यातून काढल्यावर माझ्या दोन भिंतींच्या मध्ये फेस भरला. तो फेस घट्ट झाला आणि माझ्यात जीव आला असं मी मानते, कारण थंड धरून ठेवणं हेच माझं काम, आणि ते त्या फेसाचं. पर्थच्या एका दुकानात मी बरेच दिवस पडून होते. एका शनिवारी बुटांना सिमेंट लागलेला एक आडदांड माणूस आला आणि शहाळं वाजवून बघावं तसं त्यानं मला बोटांच्या पेरांनी वाजवून बघितलं. तो लोपेती. लोकांच्या अंगणात काँक्रीट ओतायचं काम करायचा.

"बर्फ किती वेळ टिकतो हिच्यात?" त्यानं दुकानदाराला विचारलं.

"दिवसभर आरामात."

"दिवसभर म्हणजे किती तास? साडेदहा तास विमान, तीन तास ऑकलंडला, शिवाय दोन्हीकडचं घर गाठायचं."

"टिकेल हो. नाही टिकला तर परत आणा."

"परत कुठून आणू? तोवर ही समुद्रापलीकडे असेल!" लोपेती हसला आणि मला काखोटीला मारून निघाला.

घरी आल्यावर त्यानं जाड शाईच्या पेनानं माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला हिशेब लिहिला. तीन तास, मग थांबा, मग साडेसात तास. खाली लिहिलं, बाटल्या सहा. गोठवलेल्या पाण्याच्या सहा बाटल्या, दोन तळाशी, दोन मध्ये, दोन वर. ते अक्षर कितीदा धुतलं तरी गेलं नाही.

मला नुकुअलोफाला पहिल्यांदा कुणी नेलं ते आठवत नाही. चर्चमधलंच कुणी असेल. पर्थहून कुणी ना कुणी जातच असतं, आणि जाणाऱ्याला नाही म्हणायची सोय नसते. जाताना माझ्या पोटात मेंढीच्या बरगड्या, लोण्याच्या वड्या, कोंबडीचे तुकडे. येताना मासे, कालवं, शिजवून गोठवलेले कंद. एकदा लुसेआनेनं हौसेनं अळूची ताजी पानं ठेवली, ती पर्थच्या विमानतळावरच्या माणसानं हातमोजा घालून उचलली आणि डब्यात टाकली. तेव्हापासून पानं बंद. मासा मात्र पोट साफ करून, दगडासारखा गोठवून आणला की माझ्या अनुभवात कुणी अडवला नाही.

आता तुम्ही म्हणाल, भावाबहिणीचं एवढं होतं तर फोनवर भरभरून बोलत असतील. नाही. आमच्याकडे भाऊ आणि बहीण वयात आले की एका खोलीत निवांत बसत नाहीत. एकमेकांची थट्टा करत नाहीत. भाऊ बहिणीशी अदबीनं बोलतो, मोजकं बोलतो, आणि ती ज्या खोलीत आहे तिथून आपण उठून जातो. हे प्रेम नाही म्हणून नव्हे, मान आहे म्हणून. लोपेती चौदा वर्षांचा झाला तेव्हा त्यानं आपली चटई उचलून शेजारच्या काकाच्या घरी नेली, आणि त्यानंतर ती दोघं एका छपराखाली बसली नाहीत.

मग बोलायचं कसं? माझ्यामधून बोलायचे ते.

तोकिलुपे, म्हणजे लोपेतीची मुलगी, जन्मली तेव्हा तो फोनवर नुसतं "मुलगी झाली, ताई" एवढंच म्हणाला. पण पुढच्या खेपेला माझ्या तळाशी लोण्याखाली एक छोटा पायमोजा निघाला. लुसेआने तो हातात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहिली. लोपेतीची बायको गेली त्या वर्षी लुसेआनेनं बोय मासे पाठवले ते नेहमीच्या दुप्पट. तेव्हा तिचा नवरा हेआमासी म्हणाला होता, "भावाला मासे पाठवतेस की अख्खी खाडी उपसून देतेस?"

"तुला काय कळतंय. जेवत नसेल तो."

"जेवत नसेल तर एवढे मासे कोण खाणार?"

"घरात वास तर सुटेल," लुसेआने म्हणाली.

खाडीतले बोय लोपेतीचे लहानपणापासूनचे आवडते. नारळाच्या घट्ट दुधात, थोडा कांदा, बाकी काही नाही. पर्थला मोठमोठे मासे मिळतात, पण हा मिळाला तरी आमच्या खाडीच्या चिखलाची चव त्याला कुठली? तो प्रत्येक फोनला एक वाक्य न चुकता म्हणायचा. "काही पाठवू नका, ताई."

आणि लुसेआने म्हणायची, "नाही रे, काही पाठवत नाही."

मग ती मला पुसून घ्यायची आणि भरायला बसायची. आमच्याकडे सगळेच असं बोलतात. येणाऱ्याला सांगायचं, नुसते या, काही आणू नका. येणाऱ्यानं म्हणायचं, काही आणत नाही. आणि मग तो दारात उभा राहतो तेव्हा त्याचे दोन्ही हात भरलेले असतात. रिकाम्या हातानं आलेला माणूस मी एकोणतीस वर्षांत पाहिला नाही. 'आणू नका' हे ऐकून खरंच न आणणारा माणूस आमच्यात वेडा ठरेल.

वर्षं गेली. माझी एक बिजागरी तुटली, झाकण दोरीनं बांधावं लागायचं. चिकटपट्टीवर चिकटपट्टी चढत गेली, एका बाजूला 'लुसेआने, नुकुअलोफा', दुसऱ्या बाजूला 'लोपेती, पर्थ'. कुठली बाजू वर ठेवायची ते नेणाऱ्याला कळायचं. मी रिकामी असले की लुसेआने मला स्वयंपाकघरात उपडी घालायची आणि माझ्यावर बसून फोन करायची. तिला फोनचा आवाज मोठा ठेवायची सवय. त्यामुळे पर्थचं सगळं मला कळायचं.

एका गुरुवारी दुपारी ती अशीच माझ्यावर बसून कंद सोलत होती. फोन तोकिलुपेचा.

"आत्या, बाबांना दवाखान्यातून घरी आणलंय."

"बरं झालं की मग!"

"तसं नाही, आत्या. आता काही करण्यासारखं नाही म्हणून आणलंय. डॉक्टरीणबाई म्हणाली, चार दिवस, फार तर पाच. मी तुमचं उद्याचं तिकीट काढलंय. दुपारी एकचं विमान. व्हिसा आहेच, माझ्या लग्नाच्या वेळचा."

लुसेआनेच्या हातातली सुरी थांबली. लोपेतीला काविळीसारखं झालंय, औषध चालू आहे, एवढंच तिला ठाऊक होतं. भाऊ आपल्या पोटाचं दुखणं बहिणीला सांगत नाही.

"आत्या, ऐकताय ना? बाबांनी एक सांगितलंय. ते म्हणाले, ताईला सांग खोलीत यायचं. दाराबाहेर बसायचं नाही. खाटेजवळ खुर्ची ठेवायला लावलीय त्यांनी मला. तुमच्यासाठी."

लुसेआनेनं सुरी खाली ठेवली. सेहेचाळीस वर्षांनी भाऊ तिला एका खोलीत बोलवत होता.

"आणि म्हणाले, काही आणू नका. नुसत्या या."

हे ऐकल्यावर लुसेआने रडता रडता हसली. "तो म्हणणारच गं," ती म्हणाली. "बरं, येते. काही आणत नाही म्हणावं."

फोन ठेवला, उठली, मला उताणं केलं आणि साबणानं घासायला लागली.

मी खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. माझ्या मालकाकडे जायचं, तेही शेवटचं, तर मी भरून जावं असंच मलाही वाटलं. हे मी आज कबूल करते.

हेआमासी संध्याकाळी घरी आला तर ही परसात मला वाळत घालत होती. "उद्या एकला जायचंय ना तुला? मग हे काय?"

"मासा कुठाय?"

"आत्ता कुठला मासा? दोन दिवस वारा आहे. उद्या सकाळी ओहोटीला जाळं टाकीन तेव्हा मिळाला तर मिळाला."

"मग परवा जाते. उद्या मासे आले की साफ करून शेजारच्या मोठ्या फ्रीजरमध्ये घालू, रात्रभरात दगड होतील."

"लुसेआने, तू जा उद्या. मासे मी मागून पाठवतो कुणाबरोबर."

"आणि मी कशी जाऊ? हात हलवत? भाऊ मरायला टेकलाय, आणि त्याच्या खाटेशी मी दोन मोकळे हात घेऊन बसू? आई असती तर तिनं मला दारातून परत पाठवलं असतं."

हेआमासी जाळं तपासायला बसला. तोही आमच्यातलाच. त्यालाही ते पटलं.

तिकिटाच्या ऑफिसात वाइओला नावाची मुलगी आहे, हेआमासीच्या नात्यातली. लुसेआनेनं तिला फोन केला. "वाइओला, मला शनिवारी बसव गं."

"बसवते, मामी. जागा आहे. पण शनिवारचं गेलं की मग थेट सोमवार, हे ध्यानात आहे ना?"

"एका दिवसानं काय होतंय? चार दिवस म्हणालीय डॉक्टरीण."

शुक्रवारी सकाळी जाळ्यात अकरा बोय आले. त्यातले सहा मोठे, गाबोळीनं, म्हणजे अंड्यांनी, टच्च भरलेले. लुसेआने विहिरीपाशी बसून ते साफ करत होती, गाबोळी अलगद काढून परत आत ठेवत होती, तेवढ्यात फोन वाजला. हात धुवायला वेळ नव्हता. हेआमासीनं फोन धरला.

"आत्या, निघालात का विमानतळावर?"

"उद्या निघते, बाळ. आजचं बदलून घेतलं. बोय मिळालेत, सहा आहेत, असे मोठे..."

"आत्या, मासे?"

तेवढ्यात मागून लोपेतीचा आवाज आला. मी तो आवाज ओळखला नसता. सिमेंटच्या मिक्सरवरून ओरडणारा माणूस तो, त्याचा आवाज कागदासारखा झाला होता. "ताई. बोय आणू नका. या."

"नाही रे, काही आणत नाही," लुसेआने पटकन म्हणाली. एकोणतीस वर्षांची सवय. तिच्या मनगटावर माशाचे खवले चिकटलेले होते.

शनिवारी सकाळी तिनं मला भरलं. तळाला दोन बाटल्या, त्यावर केळीच्या पानांत गुंडाळलेले तीन मासे, दोन बाटल्या, तीन मासे, वर दोन बाटल्या. दोरी करकचून बांधली. काळे कपडे आणि सुतकात कमरेला गुंडाळतात ती चटई तिनं वेगळ्या पिशवीत, सगळ्यात खाली ठेवली, कुणाला दिसू नये अशी.

विमानतळावर वाइओलानं मला काट्यावर चढवलं. "मामी, पंचवीस किलो! तेवीसच चालतात."

"दोन किलो बर्फ आहे गं, पर्थला जाईपर्यंत पाणी होईल."

"पाण्याला वजन नसतं होय?"

रांगेतले लोक हसले. लुसेआनेही हसली. मला पट्ट्यावरून आत ढकललं. तिथं अंधारात, बॅगांच्या ढिगात मी वाट बघत राहिले.

विमान आलंच नाही. ऑकलंडहून निघायच्या आधी त्याच्यात काहीतरी बिघाड निघाला होता. तीनला येईल म्हणाले. मग पाचला येईल म्हणाले. पाचला सगळ्या बॅगा बाहेर काढायला लागले तेव्हा मला कळलं.

वाइओला काउंटरवरून उठून बाहेर आली. तिनं लुसेआनेचा हात धरला. "मामी, आज रद्द झालं."

"मग उद्या कितीला?"

आसपासचे सगळे तिच्याकडे बघायला लागले. वाइओला हलकेच म्हणाली, "मामी, उद्या रविवार."

तिला माहीत नव्हतं असं नाही. टोंगात जन्मलेल्या प्रत्येकाला ते चालता यायच्या आधी कळतं. रविवारी दुकान उघडत नाही, होडी पाण्यात जात नाही, दोरीवर धुणं वाळत नाही आणि आकाशात विमान नसतं. तिनं स्वतः आयुष्यभर तो दिवस पाळला. पण माणूस घाबरला की असलं काहीतरी विचारतो.

पर्थ तेवढ्याच अंतरावर होतं. साडेदहा तास. एक तासही वाढला नव्हता.

घरी आल्यावर मासे पुन्हा शेजारच्या फ्रीजरमध्ये गेले आणि मी स्वयंपाकघरात झाकण उघडं टाकून पडले.

रविवारी चर्चमध्ये लोपेतीचं नाव घेऊन प्रार्थना झाली, असं शेजारीण नंतर सांगत होती. दुपारी दोघं जेवायला बसली, पण ताटं तशीच राहिली. मग फोन आला.

"आत्या, बाबा आता बोलत नाहीत. ऐकू येतं बहुतेक. मी फोन कानाशी धरते, तुम्ही बोला."

लुसेआनेनं मला उपडी घातलं आणि माझ्यावर बसली. फोनमधून श्वास ऐकू येत होता. एक लांब, मग बराच वेळ काही नाही, मग एक लांब.

काय बोलणार ती? सेहेचाळीस वर्षांत भावाशी मोकळं बोलली नव्हती. कसं बोलायचं ते तिला येतच नव्हतं. "लोपेती," ती म्हणाली. मग थांबली. मग म्हणाली, "सहा आहेत. खाडीच्या तोंडाशी मिळाले. पोटात गाबोळी आहे." आणखी थोडं थांबली. "वारा होता ना, म्हणून उशीर झाला."

श्वास.

"ऐकतायत, आत्या. बोला ना. आणखी बोला."

लुसेआनेनं फोन हेआमासीच्या हातात दिला आणि परसात निघून गेली. हेआमासीनं काहीतरी प्रार्थना म्हटली.

सोमवारी सकाळी दहा वाजले होते, म्हणजे पर्थला पहाटेचे पाच. लुसेआने चहाचा कप घेऊन माझ्यावर बसली होती. दुपारच्या विमानाला आता अवकाश होता, पण ती कपडे करून तयार होती. फोन वाजला. तोकिलुपे नुसती रडत होती.

लुसेआनेचं सगळं वजन एकदम माझ्यावर आलं. आजवर ती माझ्यावर बसायची, पण जरा पायांवर भार ठेवून बसायची. त्या दिवशी मला कळलं ती केवढी जड बाई आहे.

बऱ्याच वेळानं ती उठली. पिशवीतून काळे कपडे काढून चढवले, कमरेला चटई बांधली. मग शेजारी जाऊन मासे आणले आणि मला भरायला लागली.

हेआमासी दारात उभा होता. "आता हे कशाला, लुसेआने?"

"माणसं येतील. घर भरेल. जेवायला लागेल सगळ्यांना." दोन बाटल्या, तीन मासे, दोन बाटल्या. "मयताच्या घरी तरी रिकाम्या हातानं..." दोरी मात्र तिनं नेहमीसारखीच करकचून बांधली.

त्या दिवशी वाइओलानं मला काट्यावर ठेवलं नाही. "जाऊ दे, मामी," एवढंच म्हणाली.

विमान वेळेवर सुटलं. तीन तास. ऑकलंडला खोळंबा, मंगळवारी सकाळी दुसरं विमान, साडेसात तास. विमानाच्या पोटात काळोख असतो आणि बारीक थरथर असते. वर कुठंतरी लुसेआने बसली असेल. आजवर त्या थरथरीत मला वाटायचं, आपण कुठंतरी पोहोचतोय. त्या दिवशी वाटलं नाही. तरी मी माझं काम केलं. एक बाटलीही वितळू दिली नाही.

पर्थला तपासणीच्या माणसानं झाकण उघडलं.

"काय आहे?"

"मासे. साफ केलेत."

"स्वतःला खायला?"

"भावासाठी," लुसेआने म्हणाली.

त्यानं एक मासा दाबून बघितला. "छान गोठलेत. एवढ्या लांबून आले तरी बर्फ तसाच आहे!" तो मनापासून कौतुक करत होता. लुसेआनेनं मान हलवली आणि मला ढकलत बाहेर आली.

बाहेर तोकिलुपे उभी होती. काळ्या कपड्यांत, कमरेला चटई. ती आत्याच्या गळ्यात पडली. मग तिची नजर माझ्यावर गेली आणि तिनं हात मागं घेतले. गाडीपर्यंत मला तिच्या नवऱ्यानं उचललं.

घरी लोपेतीची खोली तशीच होती. खाट मोकळी, चादर काढलेली. खाटेजवळ एक लाकडी खुर्ची. मला कॉरिडॉरमध्ये ठेवलं होतं, तिथून ती दिसत होती.

लुसेआने दारात थांबली. सवयीनं थांबली.

"जा ना आत्या, आत," तोकिलुपे म्हणाली. "आता का थांबता? पाच दिवस ठेवलीय ती खुर्ची. डॉक्टरीणबाई आली, पाद्री आले, सगळ्यांना म्हणायचे, तिथं बसू नका, माझी ताई येतेय. नर्ससुद्धा उभ्यानं काम करायची."

कुणीतरी तिचा दंड धरला. आत्याला असं कुणी बोलत नाही आमच्याकडे. आत्या म्हणजे बापाहून वरची. पण तोकिलुपेनं दंड सोडवून घेतला.

"त्यांना मासे नको होते. तुम्ही हव्या होतात. मी सांगितलं होतं ना? नुसत्या या म्हणून. त्यांनी स्वतः सांगितलं होतं."

"तो नेहमीच म्हणायचा गं," लुसेआने म्हणाली. "एकोणतीस वर्षं म्हणायचा."

"या वेळी खरं म्हणत होते, आत्या."

मग ती मुलगी एकदम खाली बसली आणि आत्याच्या पायांना मिठी मारून माफी मागायला लागली. लुसेआनेनं तिचं डोकं कुरवाळलं. "बोलू दे तिला," बाकीच्यांना म्हणाली. "खरं आहे ते."

ती खोलीत गेली नाही. त्या खुर्चीवर ती कधीच बसली नाही.

लोपेतीचा देह शवागारातून घरी बैठकीत आणला तेव्हा रिवाजाप्रमाणे मोठ्या बहिणीची जागा डोक्याशी. लुसेआने तिथं बसली, दिवसभर बसली. भाऊबहीण एका खोलीत. लोक रांगेनं येत होते, चटया आणत होते, गात होते. स्वयंपाकघरात कुणीतरी माझे मासे नारळाच्या दुधात शिजवले. मोठं पातेलं होतं, प्रत्येकाच्या वाट्याला घासभर आलं असेल. "खाडीचे आहेत का?" एक म्हातारा विचारत होता. "किती वर्षांनी खाल्ले!" त्यानं बोटं चाटली. लुसेआनेसाठी एक वाटी नेली होती. ती तशीच परत आली.

दहा दिवस झाले, सगळं आटोपलं. लुसेआनेच्या जायच्या आदल्या दिवशी दुपारी तोकिलुपेनं मला घासून पुसून तिच्यापुढं आणलं. आत तिनं लोण्याच्या वड्या ठेवल्या होत्या, मेंढीच्या बरगड्या ठेवल्या होत्या. बाबा ठेवायचे तशाच. तिला वाटलं असेल, हीच माफी.

लुसेआनेनं झाकण उघडून बघितलं. मग एकेक वस्तू काढून तोकिलुपेच्या फ्रीजमध्ये ठेवली. "पेटी राहू दे इथं," ती म्हणाली.

"मग मी काही पाठवायचं कसं, आत्या?"

"काही पाठवू नकोस, बाळ."

तोकिलुपे तिच्याकडे बघत राहिली. ती रिवाजानं म्हणते आहे की खरंच, हे तिला कळेना. मलाही कळलं नाही.

आता मी गॅरेजमध्ये असते. माझ्यात लोपेतीच्या थाप्या, करण्या, सिमेंटनं कडक झालेले हातमोजे भरले आहेत. झाकण लागत नाही आणि लागायची गरजही नाही. नुकुअलोफाहून काही आलेलं नाही, इकडून काही गेलेलं नाही. मी अजून चांगली आहे हो. आज सहा बाटल्या घाला, उद्यापर्यंत टिकवून दाखवीन. पण कुणासाठी?

तुम्ही मला ओळखत नाही, तरी एक मागते. लांबून कुणी तुम्हाला बोलावलं, नुसते या म्हणालं, तर तो रिवाजानं म्हणतोय की खरंच, याचा विचार करत बसू नका. आधी निघा. मासे, लोणी, चटया, सगळं मागून येतं. आमच्यासारख्या पेट्या खूप आहेत जगात, त्या आणतील.

लुसेआने गेली त्या सकाळी, मी नुकतीच गॅरेजमध्ये आले होते, तोकिलुपे तिला विमानतळावर सोडून आली आणि हेआमासीला कळवायला तिनं गॅरेजच्या दारातूनच फोन लावला. विमान सहा वाजून दहा मिनिटांनी सुटलं होतं, अगदी वेळेवर.